पश्चिमेच्या खिडकीचे ऊन आणि ब्लाइंड्स

नागपुरात मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेकडील खिडकीच्या गडद ब्लाइंडला हात लावून पाहावा. पट्टी चांगलीच तापलेली असते. ऊन काचेतून सहज आत येते, परंतु त्या उन्हाने तापलेल्या वस्तूंतून निघणारी अवरक्त किरणे काच परत बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे आतून लावलेला गडद ब्लाइंड डोळ्यांना सावली देतो खरा, पण शोषलेली उष्णता खोलीतच सोडत राहतो.

म्हणून खर्च करण्यापूर्वी खिडकीची दिशा पाहावी. मेच्या अखेरीस येथे शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी सूर्य डोक्यावर असल्याने दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जाही पुरतो. मावळतीकडे झुकलेले ऊन मात्र छज्जाखालून थेट पलंगापर्यंत पोहोचते. पहिला पैसा पश्चिमेच्या खिडकीवरच घालावा, असे माझे ठाम मत आहे.

शक्य असल्यास ऊन काचेला लागण्यापूर्वीच अडवावे. बांबूची चिक किंवा हिरवी शेडनेट काचेपासून वीतभर अंतर सोडून बाहेर टांगली, की मधली तापलेली हवा वरून निघून जाते. खालची टोके मात्र घट्ट बांधावीत, कारण वळवाचा वारा चिक उलटीपालटी करतो.

सोसायटीत बाहेर काही लावता येत नसेल, तर काचेकडील बाजू पांढरी असलेले ब्लाइंड घ्यावे. आडव्या पट्ट्यांची बाहेरची कड खाली आणि खोलीकडची कड वर ठेवल्यास ऊन बरेचसे काचेतून परत फिरते, आणि जमिनीवरून परावर्तित झालेला उजेड छताकडे जाऊन खोली अंधारी होत नाही.

पूर्वेचे ब्लाइंड सूर्योदयापूर्वी आणि पश्चिमेचे दुपारी बाराच्या आत बंद करावे. रात्री बाहेरची हवा निवली, की ब्लाइंड व खिडक्या दोन्ही उघडाव्यात. एसीचे तापमान एक अंशाने वाढवले तर साधारण ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो; ऊन अडवलेल्या खोलीत २४ अंशही सुखाचे वाटतात. कूलर असल्यास दमट हवा बाहेर जाण्यासाठी एक खिडकी उघडी लागतेच. तिच्यावर बाहेरची चिकच योग्य.

हिवाळ्यात क्रम उलटा करावा: दक्षिणेचे ब्लाइंड दिवसभर उघडे ठेवावे आणि सूर्य मावळताच काचेलगत बंद करावे.