फिरलेला राखणदार: खाजनातलं दोन सेशनांचं साहस

हा आराखडा डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या फाशांवर चालणाऱ्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचा आहे (२०१४चे नियम), पाचव्या लेव्हलच्या चार कॅरेक्टरांसाठी. गाव राखणारा जादूगार फिरला आहे. त्याला मारायचं की परत आणायचं, हे प्लेयरांनी ठरवायचं. गोव्यातल्या टेबलावर राखणदार (गाव राखणारी अदृश्य शक्ती) म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे पहिला अर्धा तास वाचतो.

एक पथ्य मात्र पाळा. गाव काल्पनिक ठेवा आणि कुठल्याही देवस्थानाचं खरं नाव घेऊ नका. समोर बसलेल्यांपैकी कुणाचं तरी ते कुलदैवत निघतंच. आपला राखणदार देवचार, म्हणजे लोकश्रद्धेतली ती शक्ती, नाही. तो माणूस आहे, शपथ घेऊन राखणीला उभा राहिलेला जादूगार.

गाव खाजनाचं घ्या. खाऱ्या नदीला बांध, बांधाच्या आत भातशेती आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा आवरणारी झडप. मानशीची लाकडी दारं ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात आणि भरतीला बाहेरच्या दाबाने मिटतात. म्हणजे घड्याळ आयतंच मिळालं. भरती-ओहोटीमध्ये साधारण सव्वासहा तास जातात, तोच एक टप्पा धरा. आठ टप्प्यांनी, म्हणजे साधारण दोन दिवसांनी, अमावास्येचं उधाण येईल. त्याआधी बांध सांधला नाही तर खारं पाणी शेतात शिरेल. कोरगुट भात थोडा खारेपणा सोसतं, पण साठून राहिलेल्या खाऱ्या पाण्यापुढे त्याचंही चालत नाही.

पतनाचं कारण लोभ ठेवू नका, खलनायक लगेच पुठ्ठ्याचा होतो. एका पुरात बांध त्याच्याने धरवेना, म्हणून पाण्याखालच्या कशाशी तरी त्याने करार केला: बांध टिकेल, बदल्यात दरवर्षी एक माणूस. माणसं कोण, ते तोच निवडत गेला. हळूहळू गाव राखणारा गावाचा मालक झाला. आता त्याने मानशीची दारं काढून लपवली आहेत. गाव आपल्यावाचून जगू शकत नाही, हे त्याला दाखवायचं आहे.

सुगाव्यांत सगळ्यात चांगला वहाणांचा. वेताळाला वहाणा वाहतात आणि रात्री गावभर फिरून त्या झिजतात, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. त्यावरून या गावातही राखणदाराला वहाणा द्यायची रीत ठेवा. प्लेयरांना ओळीने ठेवलेले जोड दिसू द्या: जुने टाचेपर्यंत झिजलेले, शेवटचे तीन कोरे. रोल मागू नका, म्हणजे फासे टाकायला लावू नका. त्याने फेरी मारणं सोडलंय, हे त्यांचं त्यांना कळू द्या.

आता आकडे. नियमांतल्या तयार ‘मेज’चा (जादूगाराचा) स्टॅट ब्लॉक, म्हणजे आकड्यांचा तक्ता, घ्या: एसी (त्याला वार लागायला गाठायचा आकडा) १२ (मेज आर्मर स्पेलसह १५), एचपी (किती मार सोसेल तो आकडा) ४०, स्पेल सेव्ह डीसी (त्याची जादू झुगारायला फाशांवर गाठायचा आकडा) १४. इथेच बहुतेक टेबलांवर घोटाळा होतो. फायटरचे दोन वार आणि एक फायरबॉल बसला की ४० एचपी पहिल्याच राउंडला संपतात, आणि पश्चात्ताप करायला कुणी उरत नाही. एचपी ७२ करा, ९डी८चं (आठ बाजूंच्या नऊ फाशांचं) कमाल तेवढंच होतं. मारण्याऐवजी बेशुद्ध करायची सोय फक्त जवळच्या वाराला आहे, फायरबॉलसारख्या स्पेलला नाही. म्हणून आणखी एक नियम जोडा: शून्यावर आला की तो पाण्यात विरतो, पुढच्या भरतीला ३६ एचपीने उभा राहतो आणि बांधाला एक तडा वाढतो. हे गावातल्या कुणाच्या तरी तोंडून आधीच कानावर घाला, नाहीतर प्लेयरांना फसवल्यासारखं वाटेल.

स्पेलांत दोन बदल करा. ‘कोन ऑफ कोल्ड’ सरासरी ३६ डॅमेज करतो, त्यात पाचव्या लेव्हलचा विझर्ड आडवा होतो; त्याजागी ‘वॉल ऑफ स्टोन’ द्या. ‘आइस स्टॉर्म’च्या जागी ‘कंट्रोल वॉटर’.

पर्स्वेशनचा (मन वळवण्याचा) एक वीस पडला आणि जादूगार रडला, हा शेवट कुणालाच आवडत नाही. डीसी १५ने तो फक्त ऐकायला थांबेल. पुढे कृती हवी. आधी त्याने मानशीची दारं ओहोटीच्या वेळात स्वतःच्या हातांनी, जादूशिवाय बसवायची. मग मांडावर (गावाच्या पवित्र जागी) गाऱ्हाणं घालून दिलेल्या माणसांची नावं घ्यायची. हे गाऱ्हाणं डीएमने (खेळ चालवणाऱ्याने) खरोखर मोठ्याने म्हणावं आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं की गप्प राहायचं, ते प्लेयरांवर सोडावं. कुणी ‘रिमूव्ह कर्स’ काढेलच. तो शाप नाही, राजीखुशीने केलेला करार आहे, हे तिथेच स्पष्ट सांगा.

शेवटी करार मोडतो आणि बांध फुटतो. खिंडार ८० फुटांचं ठेवा. ‘वॉल ऑफ स्टोन’मध्ये दहा फुटी दहा फळ्या मिळतात, म्हणजे १०० फूट. कॉन्सन्ट्रेशन (स्पेल धरून ठेवणारी एकाग्रता) पूर्ण दहा मिनिटं टिकलं तर भिंत कायमची होते. ती असलेल्या दगडालाच सांधते, आणि आपला बांध मातीचा धरलाय; तेव्हा दोन्ही टोकांना जांभ्याचे चिरे आधीच रचून घ्यावे लागतील. हे प्लेयरांना सुचलं नाही तर एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून सुचवा. मेजकडे, म्हणजे आपल्या राखणदाराकडे, पाचव्या पातळीचा स्लॉट (त्या पातळीचा स्पेल टाकायची संधी) एकच असतो, म्हणून आधीच्या लढाईत तो चुकूनही खर्चू नका.

दहा मिनिटं म्हणजे शंभर राउंड, तेवढे खेळत बसू नका. दोन-दोन मिनिटांचे पाच टप्पे करा, प्रत्येकात पाण्यातून एक हल्ला. राखणदाराचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (मार लागल्यावर कॉन्सन्ट्रेशन टिकवायचा रोल) +०, त्यामुळे डीसी १०ला यशाची शक्यता ५५ टक्के. क्लेरिकचा ‘ब्लेस’ स्पेल असेल तर साडेसदुसष्ट. ब्लेस एकच मिनिट टिकतो, दर टप्प्याला नव्याने टाकावा लागतो. क्लेरिकने उपचारासाठी काय उरवायचं, ही ओढाताण खरी मजा आणते. सगळ्यात उपयोगी म्हणजे त्याला मार लागूच न देणं.

‘सेरेमनी’ स्पेलमधला अटोनमेंट (प्रायश्चित्त) शेवटी ठेवा: २५ जीपीची (सोन्याच्या नाण्यांची) चांदीची पूड आणि इन्साइटचा रोल, डीसी २०. त्याने अलाइनमेंट (मूळची नैतिक वृत्ती) परत येते, माफी गावाची गावाकडेच राहते. रोल फसला तर काही मोडत नाही, फक्त पुन्हा चांदी लागते.