बातमीचे पान आपल्या सोयीने मांडण्यासाठी युजर स्क्रिप्ट कशी लिहावी

डिचोलीला माझे बाबा रोज सकाळी लॅपटॉपवर मराठी दैनिक वाचतात. त्या संकेतस्थळावर ‘सर्वाधिक वाचलेले’ ही उजवीकडची पट्टी निम्मे पान अडवत असे आणि ओळी इतक्या दाटीने लागत, की वरच्या ओळीतले उकार खालच्या वेलांट्यांना टेकत. अशी मांडणी युजर स्क्रिप्टने आपल्यापुरती बदलता येते. ही स्क्रिप्ट म्हणजे ठरावीक पान उघडताच आपल्या ब्राउझरमध्ये चालणारा जावास्क्रिप्टचा छोटा प्रोग्रॅम. मूळ संकेतस्थळाला त्याने धक्का लागत नाही.

प्रथम ब्राउझरच्या अधिकृत स्टोअरमधून टॅम्परमंकी किंवा व्हायोलेंटमंकी हे युजर स्क्रिप्ट चालवणारे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा पूरक प्रोग्रॅम, घ्यावे. क्रोममध्ये टॅम्परमंकी घेतल्यास त्याच्या तपशिलात जाऊन युजर स्क्रिप्टना परवानगीही द्यावी, नाहीतर स्क्रिप्ट बिनचूक असूनही पान जसेच्या तसे राहते.

मग बातमीच्या मजकुरावर उजवे क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडावे. उघडलेल्या कोडवरून माउस फिरवला की पानाचा तो तो भाग रंगतो. त्यावरून मजकुराच्या आणि पट्टीच्या चौकटींची क्लास-नावे, म्हणजे कोडमध्ये ‘class=’नंतर दिलेली नावे, टिपून घ्यावीत. तिथेच लाइन-हाइट (line-height), म्हणजे एका ओळीला मिळणारी उंची, बदलून पाहावी. काना-मात्रा, उकार आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला वर-खाली अधिक जागा लागते, बाबांना 1.8 हे मूल्य मानवले. पान पुन्हा लोड होताच हा बदल पुसला जातो, म्हणून तो स्क्रिप्टमध्ये उतरवावा लागतो.

टॅम्परमंकीत नवी स्क्रिप्ट उघडली की तयार साचा मिळतो. त्यातली ‘मॅच’ची (@match) ओळ स्क्रिप्ट कुठल्या पानांवर चालावी ते ठरवते; तिथे फक्त त्या दैनिकाचा पत्ता लिहून शेवटी तारका (*) द्यावी. ‘ग्रँट’च्या (@grant) ओळीत ‘जीएम ॲडस्टाइल’ (GM_addStyle) हे पानाला मांडणीचे नियम जोडणारे फंक्शन नोंदवावे आणि खाली त्याच फंक्शनमध्ये तीन नियम लिहावेत: पट्टीला ती लपवणारे डिस्प्ले नन (display: none), मजकुराला 100 टक्के रुंदी आणि 1.8 लाइन-हाइट. संकेतस्थळाचा स्वतःचा नियम वरचढ ठरत असेल, तर आपल्या नियमातल्या मूल्यानंतर उद्गारचिन्हासह ‘इम्पॉर्टंट’ (!important) जोडावे. कंट्रोल-एस दाबून स्क्रिप्ट जतन करावी आणि पान पुन्हा लोड करावे.

दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट मात्र वाचल्याशिवाय कधीही बसवू नये. स्क्रिप्टला पानावरचे सारे दिसते, त्यात आपण टाइप केलेला पासवर्डही आला. म्हणूनच ‘मॅच’मध्ये सर्व संकेतस्थळे मोकळी सोडणारी स्क्रिप्ट मी घरच्या संगणकावर ठेवत नाही.

संकेतस्थळाची रचना बदलली की क्लास-नावेही बदलतात आणि पट्टी पुन्हा डोके वर काढते. अशा वेळी इन्स्पेक्टमधून नवे नाव शोधून जुन्याच्या जागी घालावे. बाकीची स्क्रिप्ट तशीच राहू द्यावी.