छोट्या लेथच्या टूलपोस्टात १२ मिमीचं टूल बसवायचं असेल तर

भाऊ, जळगावात शेतीपंपाचे बुश-शाफ्ट करणाऱ्या बऱ्याच पोरांकडे छोटा लेथ असतो आणि त्याच्या टूलपोस्टात (टूल पकडणाऱ्या ठोकळ्यात) १० मिमीचंच टूल बसतं, १२ चं टाकलं की टोक सेंटरच्या (फिरणाऱ्या तुकड्याच्या मध्यरेषेच्या) २ मिमी वर जातं आणि टूल कापायच्या ऐवजी नुसतं घासतं. टूलचा शँक (पोस्टात धरायचा दांडा) घासून बारीक करू नका, ताकद जाते. पोस्टात टूल बसतं त्या खाचेचा तळच उतरवा.

आधी कानस फिरवून बघा, घसरली तर पोस्ट हार्ड आहे, कार्बाईडचं एंडमिल (मिलिंग मशीनचं कटर) लागेल. मिलिंगवाल्याकडे द्या, पण सांगताना २ नाही, २.६ मिमी उतरवायला सांगा, कारण मग खाली हॅक्सॉ ब्लेडचा ०.६ मिमीचा तुकडा पॅकिंग म्हणून टाकून हाइट बरोबर जुळवता येते, जास्तीचं कापलेलं पॅकिंगने भरता येतं पण कमी कापलं तर पुन्हा चक्कर. आणि हो, तळाची जाडी आधी मोजा, ६ मिमीच्या खाली उरत असेल तर नवीन ठोकळाच बनवा.

मग फेसिंग मारा, म्हणजे फिरणाऱ्या तुकड्याचं तोंड सपाट कापून बघा. मधे बोंड राहिलं तर हाइट चुकलीय, पॅकिंग बदला. अन् कट सुरुवातीला हलकाच घ्या, टूल मोठं झालं तरी मोटर तीच आहे.