ऑफिसमधल्या लैंगिक छळाची तक्रार लिहायची कशी

एचआरच्या केबिनमध्ये जाऊन रडून आलात तर ती तक्रार होत नाही. तिथे पाण्याचा ग्लास मिळतो, 'आम्ही बघतो' मिळतं आणि दिवस निघून जातात. पॉश कायदा, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखणारा 2013 चा कायदा, लेखी तक्रार मागतो आणि तीही शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांत. उशिराचं कारण पटलं तर तक्रारीची चौकशी करणारी समिती अजून 3 महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर बसू नका.

ऑफिसात 10 किंवा जास्त माणसं असतील तर ऑफिसच्याच अंतर्गत समितीकडे द्यायची, कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. सहा प्रती, सोबत पुरावे, साक्षीदारांची नावं-पत्ते. पोच घ्या.

आता लिहिणं. सगळ्या इथेच फसतात, मीपण फसले. पहिल्यांदा एका मुलीला तक्रार लिहून दिली तेव्हा चांगली चार पानं भरली, 'विकृत मनोवृत्ती', 'असह्य मानसिक त्रास', वाचून मलाच भारी वाटलं होतं. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याचं उत्तर आलं, कधी आणि कुठे ते सांगा, आणि आमच्या चार पानांत एक तारीख नव्हती. नंतर आठवून आठवून सांगितल्या तर म्हणे आता रचताय. घडलेलं सगळं खरं होतं हो, पण ती पोरगी चौकशीभर अडखळत राहिली आणि ती चूक माझी होती.

म्हणून विशेषणं आधी काढून टाका. एका घटनेला एक परिच्छेद: तारीख, वेळ, जागा, तो काय बोलला, तुम्ही काय केलंत, आसपास कोण होतं. बोलला ते जसंच्या तसं लिहा, शिवी असेल तर शिवी, 'अश्लील बोलला' यावरून समितीला काही कळत नाही. तारीख आठवत नसेल तर ठोकून देऊ नका, 'गणपतीच्या सुट्टीनंतरचा सोमवार' लिहिलं तरी चालतं, पण आधी कॅबच्या पावत्या, फोटो, कॉल लिस्ट बघा. एकीला नेमका दिवस सापडला तो लिफ्टबाहेर उभं राहून आईला केलेल्या 40 सेकंदांच्या कॉलवरून.

आणि अडचणीचं काही असेल तर तेही तुम्हीच लिहा. त्या प्रकारानंतर त्याच्या वाढदिवसाचा केक खाल्ला असेल तर खाल्ला म्हणा, का खाल्ला तेही सांगा, नाहीतर तो फोटो समोरून येणार हे धरूनच चाला.

स्क्रीनशॉटमध्ये नुसतं सेव्ह केलेलं नाव दिसतं, त्यामुळे नंबर दिसेल असाही एक काढा. क्रॉप नको, चॅट डिलीट नको, आणि निकाल लागेपर्यंत फोन एक्स्चेंजला देऊ नका!

पुढे तक्रारीची प्रत 7 कामकाजाच्या दिवसांत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडे जाते, उत्तराला त्याला 10, चौकशीला 90 दिवस. तेवढ्यात त्याच मजल्यावर बसणं नको असेल तर लेखी अर्ज करा, बदली, त्याची किंवा तुमची, नाहीतर 3 महिन्यांपर्यंत जादा रजा मिळू शकते. समितीपुढे वकील कुणालाच आणता येत नाही. तडजोड तुम्ही मागितली तरच, आणि पैसे घेऊन मिटवणं कायद्यात बसत नाही.

'सिद्ध नाही झालं तर तुझ्यावरच उलटेल' असं कुणीतरी हमखास कानात सांगणार. पॉश कायद्याच्या कलम 14 ची प्रिंट पर्समध्ये ठेवा: नुसतं सिद्ध करता आलं नाही म्हणून कारवाई होत नाही, हे त्यातच लिहिलंय.