हिपचं अवघड ऑपरेशन झालंय? हाड भरून येईपर्यंत घरी काय काय सांभाळायचं

टाके निघाले, दुखणं कमी झालं, पेशंट वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जायला लागला की घरच्यांना वाटतं चला सुटलो, आणि खरी काळजी तर इथूनच घ्यायची असते, कारण कातडी दोन-तीन आठवड्यात जुळते, पण आत हाडाचं काम अजून कितीतरी महिने चालू असतं आणि ते पूर्ण झालं का नाही हे दुखण्यावरून कळत नाही. आमच्या आईचा जुना बसवलेला सांधा ढिला झाला म्हणून तो काढून नवीन बसवला, रिव्हिजन म्हणतात त्याला, तेव्हा नातेवाईक, शेजारी सगळे आपापल्या ओळखीतल्या साध्या हिप रिप्लेसमेंटची उदाहरणं द्यायचे, "आमच्या काकू तर दुसऱ्या दिवशी चालल्या". चालल्या असतील हो, पण त्यांचं ऑपरेशन वेगळं होतं.

म्हणून सगळ्यात आधी सर्जनला तीन गोष्टी विचारा आणि फाइलवर लिहून घ्या: सांधा हाडात सिमेंटने बसवलाय का बिनसिमेंटचा, हाडाची भर म्हणजे बोन ग्राफ्ट घातलीय का, आणि मांडीचं हाड कापून परत तारांनी किंवा केबलने बांधलंय का. पुढचं सगळं या तीन उत्तरांवर आहे.

सिमेंट ऑपरेशनच्या टेबलवरच काही मिनिटांत घट्ट होतं. बिनसिमेंटच्या सांध्याला बाहेरून खरखरीत, बारीक छिद्रांचा थर असतो आणि आपलं हाड त्या छिद्रांत वाढून त्याला धरतं, हे धरणं साधारण ६ ते १२ आठवड्यांत होतं आणि पुढे वर्षभर पक्कं होत राहतं. या काळात सांधा हाडात किती हलतो यावर सगळा खेळ आहे. हलणं साधारण ५० मायक्रॉनच्या आत राहिलं तर हाड आत शिरतं, १५० च्या वर गेलं तर हाडाऐवजी नुसता तंतूंचा मऊ थर तयार होतो आणि सांधा ढिलाच राहतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे डोळ्याला दिसणारसुद्धा नाही एवढ्याशा हालचालीची ही गोष्ट आहे, त्यामुळे "थोडं टेकलं तर काय होतंय" हे बोलूच नका.

ग्राफ्टचं म्हणाल तर आमच्या नाशिकमधल्या दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षवाल्या लोकांना समजवायला सोपं आहे, डॉगरिज जातीच्या खुंटावर द्राक्षाचं कलम बांधल्यावर ते फुटेपर्यंत कोणी हलवून बघत नाही ना, तसंच. बाहेरून घातलेलं हाड आधी नुसतं आधार असतं, मग शरीर त्यात रक्तवाहिन्या घालतं, जुनं हळूहळू खाऊन त्याजागी स्वतःचं हाड भरतं, याला वर्ष किंवा जास्तही लागू शकतं.

आणि तारा बांधल्या असतील तर एक गोष्ट नक्की पाळा. कुशीवर झोपून पाय वर उचलायचा व्यायाम यूट्यूबवर हिप रिप्लेसमेंटच्या प्रत्येक व्हिडिओत असतो, तो सर्जनने हो म्हटल्याशिवाय करू नका, कारण बाजूला पाय उचलणारे स्नायू नेमके त्याच कापून बांधलेल्या तुकड्याला ओढतात. साधारण ६ ते १२ आठवडे हा व्यायाम बंद असतो. फिजिओथेरपिस्ट घरी येणार असेल तर त्यालाही ऑपरेशन नोट दाखवा, नुसतं "हिपचं झालंय" सांगून भागत नाही.

वजन किती टाकायचं, इथे सगळे गोंधळतात. डॉक्टर म्हणतात २० किलो, पण २० किलो पायाला कळणार कसं? साधा वजनकाटा आणा, त्याच्या शेजारी तेवढ्याच उंचीची फळी किंवा जाड पुस्तकं नीट घट्ट ठेवा, चांगला पाय फळीवर, ऑपरेशनचा पाय काट्यावर, हातात वॉकर, शेजारी कोणीतरी उभं, आणि काटा २० दाखवेपर्यंत हळूहळू वजन टाकायचं. रोज दोन-चारदा केलं की पायाला अंदाज येतो. पहिल्यांदा फिजिओसमोरच करा. मर्यादा संपेपर्यंत वॉकर सोडायचा नाही, मग काठीवर आलात की काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात, हे निम्मी लोकं उलटं करतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर ते उभे अरुंद जिने विसरा, काही महिने खालच्या मजल्यावर कोणाकडे तरी सोय करा.

मांडी घालणं, उकिडवं बसणं, पाटावर बसून पूजा, भारतीय संडास हे सगळं बंद, आणि अवघड ऑपरेशनमध्ये बहुतेक कायमचंच बंद. मागच्या बाजूने ऑपरेशन केलं असेल तर कंबरेतून ९० अंशाच्या पुढे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही, झोपताना पायांच्या मध्ये उशी. खुर्ची उंच आणि हात असलेली घ्या. आणि बाथरूममधली ती गुळगुळीत शहाबादी, त्यावर रबरी मॅट आणि भिंतीला दांडी आधी बसवा, पेशंट घरी यायच्या आधीच.

खाण्याचं. आपल्याकडे नागली म्हणजे नाचणी आहे, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पेठ-सुरगाण्याकडची छान मिळते, भाकरी करा, पेज करा. तीळ, दूध, दही आहेच. पण घरोघरी सगळं लक्ष कॅल्शियमवर आणि प्रोटीनचा पत्ता नाही असं चालतं, वरणभात आणि चहा-बिस्किटावर हाड भरत नाही. वजनाच्या दर किलोला १.२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागतं, म्हणजे ६० किलोच्या बाईला ७० ग्रॅम, म्हणून अंडी, पनीर, मटकी, मासे चालत असतील तर मासे. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. व्हिटॅमिन डीची टेस्ट करून घ्या, ६०,००० युनिटची पावडर आठवड्याला एक असते, ती दिलेल्या मुदतीपुरतीच, वर्षभर मनाने घेत बसायचं नाही. कोवळं ऊन बरं वाटतं, निफाडचा पारा पडला की तर हवंहवंसंच, पण व्हिटॅमिन डी बनवणारं ऊन दुपारच्या आसपासचं असतं. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, थायरॉईडची असेल तर चार तासांचं अंतर.

तंबाखू बंद म्हणजे बंद. आणि आजीबाई मिश्री लावत असतील तर तीही तंबाखूच, पण "व्यसन आहे का" विचारल्यावर घरचे बिनधास्त नाही सांगतात. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नवीन हाडाला रक्तच कमी पडतं. शुगर असेल तर तीही ताब्यात हवी, जखमेच्या इन्फेक्शनचाही धोका त्यानेच वाढतो.

मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणू नका, काही गोळ्या हाडाचं भरणं मंद करू शकतात, पण त्यातलीच एखादी सर्जन मुद्दाम देतात, नको तिथे हाड वाढू नये म्हणून, तेव्हा दिलेली बंदही करू नका. कोणीतरी हाडजोडीची वेल आणून देईल, कोणी तेल चोळून पाय ओढून देणाऱ्याचा नंबर देईल. वेलीचं डॉक्टरांना विचारा, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असताना तर नक्कीच, आणि ओढणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

एक्स-रे साधारण ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने आणि वर्षाने काढतात. प्रत्येक वेळी सगळे जुने घेऊन जा, कारण एकट्या एक्स-रेपेक्षा आधीच्याशी तुलना महत्त्वाची, सांधा खाली सरकलाय का, कापलेली फट भरतेय का हे तसंच दिसतं. ३ महिन्यांना फट अजून दिसते म्हणून घाबरायचं कारण नाही, पण वजन वाढवायची परवानगी त्या फोटोवरून मिळते, आपल्या हुशारीवरून नाही.

एकदम जोराची कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसला, पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला, छातीत दुखलं, तर थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल. जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी सर्जनला फोन, घरची अँटिबायोटिक सुरू करू नका. उठल्यावर पहिल्या चार पावलांना मांडीत दुखतं आणि मग कमी होतं असं नव्याने सुरू झालं तर तेही सांगा, सांधा हलत असल्याचं ते लक्षण असू शकतं.

चेकअपला जाताना रिक्षा टाळा, गाडीच्या पुढच्या सीटला मागे सरकवून उशी ठेवा, आधी बसायचं मग दोन्ही पाय एकदम आत, आणि ड्रायव्हरला स्पीडब्रेकरचं आधीच सांगा. स्कूटरवर एका बाजूने बसणं तर नकोच. फाइलमध्ये सांध्याचे स्टिकर चिकटवलेले असतात, कंपनी, साईज, नंबर, त्याचे फोटो काढून दोन जणांच्या मोबाईलमध्ये ठेवा, पुढे कधी काही करायची वेळ आली तर सर्जन पहिलं तेच मागतो. ओझरहून विमानाने जायचं झालं तर डिटेक्टर वाजू शकतो, वाजायच्या आधीच सांगून टाकायचं.