लॅपटॉपने आखडलेली मान घरी कशी मोकळी करावी

हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत दिवसभर बसणाऱ्यांच्या माना-खांदे मोकळे करणं हे माझं रोजचं काम आहे. येणाऱ्यांतले बरेच जण आधी घरी कुणाकडून तरी जोरजोरात रगडून घेऊन आलेले असतात. कातडी लाल झालेली असते आणि दुखणं जिथल्या तिथं. जोर लावण्याआधी जागा शोधायला हवी, हे सांगायचंच राहून जातं.

हाताला मुंग्या येत असतील, बोटांची पकड सुटत असेल, तापासोबत मान ताठ झाली असेल किंवा नुकताच मार लागला असेल, तर मालिश नको, डॉक्टरांकडे जा. खांदा-जबडा दुखतोय आणि छातीवर दडपणही आहे, तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा.

ज्याची मान दुखतेय त्याला टेबलाशी बसवा, कपाळ उशीवर टेकवू द्या. तेल खोबरेल की तिळाचं हा वाद निरर्थक आहे, घरात असेल ते घ्या. पण चारच थेंब, नाहीतर अंगठा घसरतो. दोन्ही तळव्यांनी मानेपासून खांद्यापर्यंत तीन-चार मिनिटं ऊब येईल असं चोळा. मग खांद्यावरचा मांसल भाग मुठीत धरून हलकेच उचला आणि सोडा.

सगळे इथेच थांबतात, आणि अवघड काम इथूनच पुढे आहे. डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. स्क्रीनकडे ते पुढे झुकलं की मानेच्या कडेपासून खांद्याच्या पात्याच्या वरच्या, आतल्या कोपऱ्यापर्यंत जाणारा एक अरुंद स्नायू ते मागून ओढून धरतो. मान वळवताना जिथे चमक येते ती जागा बहुतेक वेळा हा कोपरा असते. वरचा मोठा स्नायू त्याला झाकतो, म्हणून नुसता खांदा चेपून तिथपर्यंत पोचता येत नाही. मलाही ही जागा हाताला नीट कळायला फार वेळ लागला.

शोधायची अशी: त्या बाजूचा हात पाठीमागे कमरेवर ठेवायला सांगा. पातं थोडं बाहेर येतं आणि वरचा स्नायू सैल पडतो. पात्याची आतली कड चाचपत वर जा. कोपरा लागला की बोटभर वर आणि मानेकडे सरका, अंगठा आडवा फिरवा. खाली जाड सुतळीसारखं काहीतरी सरकेल आणि समोरचा म्हणेल, "हां, तिथेच!" तो म्हणेपर्यंत दाब वाढवू नका.

आता अंगठा स्थिर ठेवा. चोळायचं नाही, दाबून धरायचं. कोपर सरळ ठेवून अंगाचा भार हळूहळू सोडा, बोटांच्या ताकदीवर जाल तर तुमचाच अंगठा दुखेल. दुखणं दहापैकी किती ते विचारत राहा. पाच-सहा पुरे. त्यापुढे गेलात की माणूस श्वास रोखतो, खांदा कानाकडे उचलतो आणि स्नायू आणखी घट्ट होतो. अर्धा ते एक मिनिट धरा. दुखणं कमी होत गेलं की सावकाश सोडा, थोडं थांबून पुन्हा. दोन-तीनदा केलं की झालं. मिनिटभरात काहीच फरक पडला नाही तर ती जागा आजच्यापुरती सोडा. "गाठ फोडतो" म्हणत कोपराचं टोक खुपसणाऱ्याच्या हाती मान देऊ नका. तिथे निळं पडलं तर दाब चुकलाच.

मग सरळ बसवून नाक विरुद्ध बाजूच्या काखेकडे हळू नेऊन वीस सेकंद थांबायला सांगा. झटका नको.

कवटीच्या खालच्या कडेला, मणक्याच्या दोन्ही बाजूंना बोटांनी मिनिटभर हलका दाब द्या. मानेच्या पुढच्या भागाला आणि बाजूच्या खळग्याला हात लावू नका. तिथे मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आहे. बोटाखाली ठोका लागला की हात काढा.

आणि मान कडकन मोडणं बंद करा. सलूनमध्ये दाढीनंतर न विचारता मोडून देतात, तिथेही ठामपणे नाही म्हणा. मणक्यांतून वर जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्याने इजा होऊ शकते, त्यातून पक्षाघातही होतो.

एकटे असाल तर टेनिसचा चेंडू भिंत आणि पात्याचा तो कोपरा यांच्यामध्ये धरा, गुडघे किंचित वाकवून भार द्या. वेळ तीच, अर्धा ते एक मिनिट.

आठवड्यातून दोनदा पुरे. दोन दिवसांत पुन्हा आखडत असेल तर आधी टेबलाकडे बघा. लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा, कीबोर्ड आणि माउस वेगळे घ्या, माउस कोपर अंगाजवळ राहील इतका जवळ ठेवा.