सोलापुरात बसून मोटर कॉर्टेक्स शिकताना

बी.एस्सी. फिजिक्सला असताना मेंदूच्या अभ्यासाकडे वळायचं ठरवलं आणि मी आधी मेंदूच्या भागांची नावं पाठ करत बसलो. त्यात सहा महिने गेले. पुढं खरा उपयोग झाला तो अकरावीच्या त्रिकोणमितीचा. म्हणून माझं पहिलं सांगणं: कोसाइनचा आलेख स्वतःच्या हातानं काढा.

१९८२ मध्ये जॉर्जोपोलस आणि सहकाऱ्यांनी माकडाला मधल्या बिंदूपासून भोवतीच्या ८ दिशांना हात न्यायला शिकवलं आणि मोटर कॉर्टेक्समधल्या, म्हणजे हालचाली चालवणाऱ्या मेंदूच्या भागातल्या, एकेका न्यूरॉनचे (मेंदूतल्या पेशीचे) स्पाइक, म्हणजे विजेचे छोटे ठोके, मोजले. बरेचसे न्यूरॉन एका दिशेला सर्वांत जास्त स्पाइक देत होते, उलट दिशेला सर्वांत कमी आणि मधे कोसाइनसारखे चढत-उतरत होते. शिखर जिथं येतं, ती त्या न्यूरॉनची पसंतीची दिशा. नवी हालचाल शिकताना ती सरकते का?

२००१ मध्ये ली, पादोआ-स्कियोप्पा आणि बित्झी यांनी माकडाच्या हातात रोबोची मूठ दिली. हात जितका वेगात, तितका आडवा जोर. सुरुवातीला मार्ग वाकडा होई, सरावानं सरळ. मग जोर काढून टाकला. काही न्यूरॉनांची पसंतीची दिशा तिन्ही टप्प्यांत (जोराआधी, जोर असताना, जोर काढल्यावर) तशीच राहिली. काहींची जोराच्या बाजूला सरकली आणि परत आली. काहींची सरकली ती तिथंच थांबली. चौथा प्रकार मला तीनदा वाचावा लागला: शिकताना स्थिर आणि जोर काढल्यावर उलट बाजूला सरकणारे. शेवटचे दोन प्रकार एकमेकांना तोलतात, म्हणून सरासरी मूळ जागी येते. हात पूर्वीसारखा चालतो, पण आतली जुळणी पूर्वीची राहत नाही.

हे वाचताना वडील आठवले. ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमाग चालवायचे. धोट्यातली संपलेली कांडी काढून नवी घालायला त्यांना बघावंही लागत नसे. नवे माग आले तेव्हा आठवडाभर हात चुकला. महिन्यानं जुन्या मागावर बसले, तर पहिल्या दिवशी तिथंही चुकला! जोर काढल्यावर माकडाचा हातही असाच आधी उलट बाजूला वाकतो.

आता माझी चूक. एका न्यूरॉनची दिशा १८०° सरकलेली दिसली आणि रात्रभर झोप लागली नाही. सकाळी कळलं, मी ३५०° आणि १०° यांची साधी सरासरी काढली होती. उत्तर ०° हवं. कोनांचे साइन आणि कोसाइन वेगवेगळे जोडून मगच दिशा काढायची असते.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे मोजक्या प्रयत्नांवरून काढलेली दिशा शिकण्याशिवायही हलते. म्हणून शिकण्याआधीच्याच नोंदींचे दोन भाग करा आणि त्यांच्यातला फरक मोजा. शिकतानाचा फरक त्याहून स्पष्ट मोठा असेल, तरच ‘सरकली’ म्हणा. ही तपासणी मी कधीच टाळत नाही.

माकडांची प्रयोगशाळा आपल्याकडे नाही म्हणून अडू नका. डँडी या खुल्या संग्रहात हाताच्या हालचालींच्या नोंदी मिळतात आणि त्या तपासायला लागणारी पायथॉन ही संगणकाची भाषा फुकट आहे. मे महिन्यात दुपारी लॅपटॉप तापून बंद पडायचा, म्हणून मी पहाटे पाचला बसायचो. पहिला आठवडा एकाच न्यूरॉनवर घालवा: ८ दिशा, ८ सरासऱ्या, त्यांच्यावरून एक कोसाइन. बिंदू वक्रावर बसले नाहीत तर ते पुसू नका, तसेच ठेवून मार्गदर्शकांना दाखवा.